पानांच्या अर्काने जिवाणू मरतात का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी तरवड, निर्गुडी, घाणेरी आणि डाळिंब यांच्या पानांत कोणते उपयुक्त घटक आहेत आणि त्यांच्या अर्काने जिवाणू मरतात का, हे बघायचं आहे. कॉलेजची प्रयोगशाळा साधीच आहे. शेवटी तिने विचारलंय, "किती मिलिमीटरचा झोन आला तर पान औषधी म्हणायचं?" झोन म्हणजे जिवाणू पसरलेल्या प्लेटवर अर्काभोवती पडणारं, वाढ न झालेलं वर्तुळ.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. असा आकडा नाही. अँटिबायोटिकच्या डिस्कसाठी, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकतीसाठी, ठरलेले तक्ते असतात, अमुक मिलिमीटरच्या वर म्हणजे जिवाणू संवेदनशील वगैरे. ते तक्ते वनस्पतींच्या अर्काला लागू होत नाहीत. साधा हिशेब करा. तुम्ही मिलीलीटरला 100 मिलिग्रॅम ताकदीचा अर्क केलात आणि विहिरीत, म्हणजे प्लेटमधल्या अगारला (जिवाणू वाढवायच्या जेलीला) पाडलेल्या भोकात, 50 मायक्रोलीटर टाकलात, तर विहिरीत 5 मिलिग्रॅम माल गेला. शेजारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची जी डिस्क ठेवली तिच्यात 5 मायक्रोग्रॅम आहेत. म्हणजे तुमचा अर्क हजार पटीने जास्त आहे. दोन्हींचे झोन सारखेच आले म्हणून "अर्क सिप्रोफ्लॉक्सॅसिनइतकाच प्रभावी" असं लिहिणारे प्रबंध मी भरपूर वाचलेत, आणि तोंडी परीक्षेत हा एकच हिशेब विचारला की समोरचा गप्प होतो. शिवाय झोन किती मोठा पडेल हे अर्क अगारमधून किती पसरतो यावरही असतं. तेलकट, पाण्यात न विरघळणारा घटक कितीही जालीम असला तरी विहिरीच्या काठाशीच अडकून बसतो. झोन आला तर पुढचं काम करायचं, एवढाच त्याचा उपयोग. तो कशामुळे आला, हे सिद्ध करणं हा खरा प्रकल्प.

आता पानांकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि प्रबंधात याला मोजून दोन ओळी मिळतात. आणलेल्या प्रत्येक झाडाची फुला-फळासकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियम नमुना करा आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून ओळख पक्की करून घ्या. तरवड आणि घाणेरीत चूक होणार नाही, पण पुढे कधी ब्राह्मी किंवा शंखपुष्पीवर काम कराल तेव्हा कळेल की एकाच नावाने बाजारात दोन-तीन वेगळ्या वनस्पती फिरतात. पानं कुठून तोडली, कोणत्या महिन्यात, झाड फुलावर होतं की नाही, हे वहीत हवं. होटगी रोडच्या कडेची धुळीने माखलेली पानं नकोत, एमआयडीसीच्या कुंपणालगतची नकोत. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय फांदीला हात लावू नका.

डाळिंबाच्या बाबतीत मात्र जरा थांबा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातल्या बागेत तेल्यासाठी (डाळिंबावर तेलकट डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगासाठी) बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन यांच्या फवारण्या झालेल्या असतात. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. दोन्ही अँटिबायोटिक, पाण्यात विरघळणारी. अशा बागेतली पानं आणून जलीय अर्क केलात तर झोन छान येईल, पण तो डाळिंबाचा नसेल. पानाच्या शिरेलगत, देठाजवळ निळसर पांढरी खपली दिसली की समजायचं, बोर्डो आहे. धुतल्यावर निघून जातं म्हणून निर्धास्त राहू नका. परसातलं, कधीच फवारणी न झालेलं झाड शोधा. सोलापुरात जुन्या वाड्यांच्या अंगणात ते मिळतं. मालकाला फवारणीबद्दल विचारा आणि त्याचं उत्तर वहीत लिहा.

वाळवणं सावलीत, पातळ थरात, पंख्याखाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पान भराभर वाळतं ही सोय आहे, पावसाळ्यात तीच पानं आठवडाभर दमट राहतात आणि बुरशी धरतात. बुरशी लागलेलं पान फेकायचं. बुरशीचेही स्वतःचे जिवाणूनाशक पदार्थ असतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको. निर्गुडीच्या पानात उडून जाणारं तेल आहे, तुम्हाला तेच हवं असेल तर पानं वाळवूच नका. ताज्या पानांचं क्लेव्हेंजर उपकरणात ऊर्ध्वपातन करा. वाळवून, दळून, मेथॅनॉलमध्ये उकळून मग "निर्गुडीत तेलाचा परिणाम दिसला नाही" असं लिहिण्यात अर्थ नाही.

अर्क काढायला सॉक्सलेट (द्रावक उकळून, त्याची वाफ थंड करून पुन्हा पुन्हा पुडीवर पाडणारं उपकरण) लावायचाच, असा एक समज आहे. सॉक्सलेटमध्ये माल तासन्‌तास गरम राहतो, आणि उष्णतेने काही घटक मोडतात. चीनमध्ये तू यूयू यांना मलेरियावरचं आर्टेमिसिनिन सापडलं ते अर्क कमी तापमानाला, ईथरने काढायला लागल्यावर. गरम करून काढलेल्या अर्कांत गुण टिकत नव्हता. थंड पद्धतीची कल्पना त्यांना चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथातून सुचली, तिथे पानं पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून माझा सल्ला असा की पहिला अर्क साध्या भिजवणीने करा. 50 ग्रॅम पूड, 500 मिली मेथॅनॉल किंवा 80 टक्के इथेनॉल, झाकण घट्ट, शेकरवर किंवा अधूनमधून हलवून दोन-तीन दिवस, मग गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर 40 अंशांच्या आसपास आटवा. उरलेल्या चिकट मालाचं वजन करून किती टक्के निघाला ते नोंदवा. 50 ग्रॅममधून 5 ग्रॅम निघाला तर 10 टक्के. हा आकडा पुढे लागणार आहे.

सॉक्सलेट लावायचाच असेल तर दोन स्थानिक अडचणी आहेत. कंडेन्सरला सतत वाहतं पाणी लागतं आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. कूलरचा छोटा पंप बादलीत टाका, बादलीत बर्फ, आणि तेच पाणी फिरवत ठेवा. दिवसभर चालतं. दुसरी अडचण ईथरची. डायएथिल ईथर 35 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे मे महिन्यात दुपारी आपल्या प्रयोगशाळेत ते नुसतं बाटलीतच उकळायला टेकलेलं असतं. बूच उडतं, वाफ टेबलावरून पसरत दूरच्या हीटरपर्यंत जाते. पूड तेलकटपणा आणि हरितद्रव्य काढून साफ करायची असेल तर 60 ते 80 अंशांना उकळणारं पेट्रोलियम ईथर घ्या, आणि ते काम शक्यतो थंडीत उरका.

घटकांच्या चाचण्या म्हणजे परीक्षानळीतले रंग. मेयरच्या अभिकर्मकाने दुधाळ साका आला की अल्कलॉइड, ड्रॅगेनडॉर्फने नारिंगी, वॅग्नरने तपकिरी. फेरिक क्लोराइडने निळसर काळं किंवा हिरवट काळं झालं की फिनॉल-टॅनिन. हलवून आलेला फेस दहा मिनिटं टिकला की सॅपोनिन. साल्कोव्स्कीत तांबूस कडं दिसलं की स्टेरॉल-टर्पिनॉइड. हे सगळं कोणत्याही प्रॅक्टिकलच्या वहीत आहे. त्या वहीत सहसा नसतं ते सांगतो. मेयरला प्रथिनंही साका देतात, म्हणून तीनपैकी किमान दोन अभिकर्मकांनी होकार दिल्याशिवाय अल्कलॉइड आहे असं लिहू नका. शिनोडा चाचणीत अर्कात मॅग्नेशियमची फीत टाकून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात आणि गुलाबी-लाल रंग आला की फ्लॅव्होनॉइड म्हणतात. पण कोवळ्या लालसर पानांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं आणि ते नुसत्या आम्लानेही लाल होतं. डाळिंबाची कोवळी पालवी लालच असते. शेजारी एक नळी बिनमॅग्नेशियमची ठेवा. दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. दोन्ही सारख्याच लाल दिसल्या तर शिनोडाने काहीच सांगितलं नाही, असं समजा. हिरव्यागार अर्कात तर रंग दिसतच नाही, म्हणून आधी पेट्रोलियम ईथरने हरितद्रव्य कमी करा. कोळशाची पूड घालून रंग काढणारे लोक आहेत, पण कोळसा फिनॉलसुद्धा ओढून घेतो.

अभिकर्मक डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा. बोअरच्या पाण्यातलं लोह टॅनिनला काळं करतं आणि मग फेरिक क्लोराइड घालायच्या आधीच चाचणी सकारात्मक!

तरवडाबद्दल थोडं सविस्तर. आपल्या माळरानांवर, बांधांवर तो जिथे तिथे पिवळा फुललेला दिसतो, आणि त्याची साल पूर्वीपासून चामडं कमावायला वापरतात. चामडं कमावणं म्हणजे टॅनिनने कातड्यातली प्रथिनं घट्ट बांधून टाकणं. हेच टॅनिन पानांच्या अर्कातून आलं तर तुमच्या प्लेटवर काय करील? माध्यमातली प्रथिनं बांधील, जिवाणूच्या पृष्ठभागावरची बांधील, जिवाणूला लागणारं लोहही धरून ठेवील. झोन दिसेल. तो खोटा नाही, पण असा सरसकट परिणाम औषध म्हणून फारसा कामाचा नसतो, कारण शरीरातल्या प्रथिनांनाही टॅनिन तसंच चिकटणार. म्हणून तरवडाच्या अर्काचे दोन भाग करा. एक मूळ, दुसरा टॅनिन काढलेला. त्यासाठी पॉलिव्हिनिल पॉलिपायरोलिडोनची पूड मिळते. ती अर्कात हलवून गाळली की टॅनिन तिला चिकटून निघून जातं. मात्र इतर काही फिनॉलही तिच्याबरोबर जातात, हे लक्षात ठेवा. टॅनिन काढल्यावर झोन नाहीसा झाला तर उत्तर मिळालं, आणि टिकला तर आत आणखी काही आहे. मला विचाराल तर तुमच्या चार झाडांपैकी हाच भाग सगळ्यात वाचनीय होईल.

एकूण फिनॉल मोजायला फोलिन-सिओकॅल्टो अभिकर्मक, गॅलिक आम्लाची प्रमाणरेषा, आणि रंग मोजायचा 765 नॅनोमीटरला. फ्लॅव्होनॉइडला अॅल्युमिनियम क्लोराइड, क्वेर्सेटिनची प्रमाणरेषा, 415 नॅनोमीटर. दोन सूचना पुरेत. फोलिनला व्हिटॅमिन सी आणि काही साखरसुद्धा रंग देतात, म्हणून त्या आकड्याला "फिनॉल" म्हणताना जरा जपून. आणि आकडा ग्रॅमभर अर्कामागे आहे की ग्रॅमभर वाळलेल्या पानामागे, हे लिहा. 10 टक्के अर्क निघत असेल तर या दोहोंत दहापट फरक पडतो.

आता जिवाणू. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या दोन जाती पुरेशा आहेत, वाटल्यास स्यूडोमोनास. प्रमाणित कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांतून विभागामार्फत मागवा. दवाखान्यातून कुणाच्या ओळखीने पू-थुंकीतला जिवाणू आणून त्यावर काम करणं साध्या प्रयोगशाळेत नको. म्युलर-हिंटन अगार 4 मिलिमीटर जाडीचं, पीएच 7.2 ते 7.4, निलंबनाची (जिवाणू मिसळलेल्या द्रवाची) गढूळता 0.5 मॅकफार्लंड, म्हणजे मिलीलीटरला साधारण 15 कोटी जिवाणू, आणि ते पंधरा मिनिटांच्या आत स्वॅबने पसरवायचं. विहिरी पाडून अर्क टाकला की प्लेटी थोडा वेळ तशाच राहू द्या, लगेच उलट्या करू नका, नाहीतर अर्क झाकणावर सांडतो. मग 35 ते 37 अंशांना 16 ते 18 तास.

इथे सोलापूर पुन्हा आडवं येतं. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. बाहेर खोलीत 41 अंश असताना तो 37 वर येणार कसा? डायलवर 37 लावलेलं असतं आणि आत 42 असतात. जिवाणूची वाढ विरळ होते आणि झोन उगाच मोठा दिसतो. आत साधा थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ वाचा. एप्रिल-मे मध्ये थंड करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच वापरा, नसेल तर प्लेटचं काम जानेवारीत आटोपा.

प्रत्येक प्लेटवर चार विहिरी सक्तीच्या: अर्क, माहीत असलेलं अँटिबायोटिक, नुसतं द्रावक, आणि द्रावकच पण अर्काइतक्या पीएचला आणलेलं. चौथी विहीर कुणी ठेवत नाही. पानांचे कित्येक अर्क आंबट असतात आणि नुसत्या आंबटपणानेही जिवाणू मागे सरकतो. द्रावक म्हणून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) ठीक आहे. ते फ्रिजमध्ये गोठतं, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, खोलीत काढलं की पातळ होतं. अर्क मेथॅनॉलमध्ये विरघळवून थेट विहिरीत ओतू नका, मेथॅनॉल स्वतःच मारतं.

खरा निकाल एमआयसीचा, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाचा. 96 खणांची प्लेट घ्या, प्रत्येक खणात 100 मायक्रोलीटर ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम), पहिल्या खणात 100 मायक्रोलीटर अर्क आणि तिथून पुढे दर खणाला निम्मं करत जा, शेवटच्या खणातून 100 काढून टाका. 0.5 मॅकफार्लंडचं निलंबन दीडशे पटीने पातळ करून प्रत्येक खणात 100 मायक्रोलीटर घाला, की खणात मिलीलीटरला 5 लाखांच्या आसपास जिवाणू येतात. अर्काची ताकद यात पुन्हा निम्मी होते, ते हिशेबात धरा. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. रात्रभर ठेवून सकाळी रेसाझुरिन हा निळा रंग घाला. जिवंत जिवाणू निळ्याचा गुलाबी करतात, निळं राहिलेलं शेवटचं खण म्हणजे एमआयसी. पण अँटिऑक्सिडंट भरपूर असलेला अर्क रेसाझुरिनला स्वतःच गुलाबी करू शकतो. जिवाणू न घातलेली, नुसता अर्क आणि ब्रॉथ असलेली एक ओळ त्यासाठीच ठेवायची. ती ओळ गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, प्रत्येक खणातलं 10 मायक्रोलीटर अगारवर ठेवून वाढ बघा. त्यातून अर्क मारतो की नुसता थोपवतो, हेही कळतं.

कच्च्या अर्काची एमआयसी मिलीलीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर ते दखल घेण्यासारखं मानतात. पाच-दहा मिलिग्रॅमवर आली तर प्रबंधात प्रामाणिकपणे "क्षीण" असं लिहा. नकारात्मक निकालाने गुण कापले जात नाहीत, निदान कापू नयेत. ई. कोलायवर बहुतेक अर्क चालणार नाहीत, त्याचं बाहेरचं आवरण असे रेणू आत येऊ देत नाही. आणि तीन विहिरी एकाच प्लेटवर म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, ताजं निलंबन करून केलेलं धरायचं.

घाणेरीचं काय? तिच्यात लँटाडीन असतात, ती खाल्लेल्या जनावरांचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. गुराखी पोरंसुद्धा गुरं तिच्यापासून लांब ठेवतात. तिच्या अर्काने जिवाणू मेले तर नवल नाही, पेशीच मरत असतील. म्हणून तिच्यासोबत विषारीपणाची एखादी चाचणी हवी, ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवावरची) तरी. उलट अडुळसा घ्या. तो खोकल्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्यातलं व्हॅसिसिन श्वासनलिका मोकळ्या करतं आणि त्याच रेणूवरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं. तुमच्या प्लेटवर अडुळशाने झोन दिला नसता तरी त्याचं औषधपण कमी झालं नसतं.

तुमच्या जागी मी असतो तर चारांऐवजी दोनच झाडं घेतली असती, तरवड आणि निर्गुडी, आणि स्टॅफिलोकॉकसबरोबर तेल्याचा जिवाणू झँथोमोनास घेतला असता. स्टॅफिलोकॉकसवर निर्गुडीचा अर्क टाकून झालेले प्रबंध कपाटं भरून आहेत. तेल्याने मात्र आपल्या जिल्ह्यातल्या बागा उठवल्यात, शेतकरी अँटिबायोटिक फवारून थकलेत. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरलगतच्या केगावलाच आहे, विद्यापीठही केगावलाच. मार्गदर्शकांमार्फत रीतसर पत्र देऊन कल्चर आणि सल्ला मागा. हा जिवाणू 37 अंशांचा नाही, 28 ते 30 अंशांना वाढतो, न्यूट्रिएंट अगारवर दोन-तीन दिवसांनी पिवळ्या, चिकट वसाहती देतो. म्हणजे वर सांगितलेल्या वेळा आणि तापमान त्याला लागू नाहीत, अर्क नसलेल्या नियंत्रण प्लेटवर वाढ दाट दिसेपर्यंत थांबायचं. एमआयसी बरी आली तर तोडलेल्या पानावर जिवाणू टोचून अर्क फवारून बघा, आणि निरोगी पानावरही फवारा, कारण अर्कानेच पान करपत असेल तर तो शेतकऱ्याला सांगता येणार नाही. बागेतली चाचणी तुमच्या एका वर्षात बसणार नाही, तिचं आश्वासन प्रबंधात देऊ नका.

काम झालं की प्लेटी 121 अंशांना 15 पौंड दाबाने ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या. तेल्याच्या प्लेटी तर नक्कीच, कॉलेजच्या मागे कुणाची तरी बाग असतेच. मेयरच्या अभिकर्मकात पारा असतो. तो बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवून, चिठ्ठी लावून विभागाकडे द्या.